आग कोणाची, धग कोणाला?

उन्हाळा सुरू झाला की वर्तमानपत्रांची पहिली पाने पाऱ्याच्या आकड्यांनी भरून जातात. वाहिन्यांवर तज्ज्ञ येतात, थंड पेयांच्या जाहिराती येतात आणि पहिला पाऊस पडला की सारे विसरले जाते. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. ही उष्णता येते कोठून? आणि तिला जबाबदार कोण? आमच्या मते हा प्रश्न केवळ विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातला नाही. ज्याला कारण सापडते त्याला जबाबदार माणूसही सापडतो, आणि ज्यांना तो सापडू द्यायचा नसतो ते कारणच धूसर करून ठेवतात. पूर्वजन्मीचे पाप हे कारण एकदा माणसाच्या गळी उतरवले की अन्याय करणारा नामानिराळा राहतो, हा अनुभव आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या घेतला आहे. वाढत्या उष्म्याच्या बाबतीत आज तोच खेळ 'निसर्गाचा कोप' या नावाने चालला आहे.

म्हणून आम्ही आज वाचकांना पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात घेऊन जात आहोत. कैनाडसारखी या तालुक्यातील गावे म्हणजे आदिवासींची वस्ती. पावसाळ्यात भात, एरवी वाड्यांवरची आणि बांधकामावरची मजुरी, आणि काम नसेल तर घराला कडी लावून स्थलांतर. याच तालुक्यात समुद्राकाठी ५०० मेगावॉटचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. शेजारच्या पालघर तालुक्यात तारापूरचे अणुविद्युत केंद्र आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीची जमीन पुन्हा पुन्हा हादरली, लोकांनी ताडपत्रीच्या तंबूत रात्री काढल्या. घरोघरी चूल आहे, आणि डोक्यावर सूर्य तर आहेच. उष्णतेचे जितके उगम सांगितले जातात तितके सारे या एका टापूत हजर आहेत. तेव्हा आरोपींची ओळखपरेड येथेच घेऊ.

मोजमापासाठी आपण आपले ओळखीचे माप घेऊ. एक गुंठा जमीन म्हणजे साधारण १०० चौरस मीटर, आणि घरात लावतो तो छोटा एलईडी दिवा ९ वॉटचा. सारी पृथ्वी गुंठ्यागुंठ्याने मोजली तर प्रत्येक गुंठ्याच्या वाट्याला कोणाकडून किती उष्णता येते, ते पाहू.

पहिला आरोपी सूर्य. पृथ्वीला मिळणारी जवळजवळ सारी उष्णता त्याचीच. दिवस-रात्र, ध्रुव-विषुववृत्त यांची सरासरी काढून, परावर्तित होऊन परत जाणारा प्रकाश वगळला, तर पृथ्वी दर चौरस मीटरला सुमारे २४० वॉट शोषून घेते. म्हणजे गुंठ्याला २४ हजार वॉट. मग जग तापण्याचा दोष त्याचाच नव्हे काय? नव्हे. प्रश्न उष्णता किती, हा नाही. ती वाढली किती, हा आहे. सुमारे ११ वर्षांच्या चक्रात सूर्याचे तेज हजारात एकाने वरखाली होते. म्हणजे गुंठ्यामागे अडीच-तीन दिव्यांचा फरक, तोही येऊन-जाऊन. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह सूर्याचे तेज मोजत आहेत. या काळात ते वाढत गेलेले नाही, पृथ्वीचे तापमान मात्र वाढत गेले. शिवाय सूर्य भडकला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालची हवा तापते आहे आणि वरचा थर थंड होतो आहे. आरोपी क्रमांक एक निर्दोष सुटतो.

दुसरा आरोपी पृथ्वीचे पोट. पायाखालची जमीन हादरू लागली की आत काहीतरी धुमसते आहे, त्यामुळेच उष्मा वाढला, असे वाटणे स्वाभाविक आहे. वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोलीची गरम पाण्याची कुंडेही या भागापासून फार लांब नाहीत. पृथ्वीच्या पोटात उष्णता आहे हे खरेच. पण ती वर झिरपते ती सरासरी दर चौरस मीटरला ०.०९ वॉट. म्हणजे एका गुंठ्यात ९ वॉटचा एकच दिवा! कुंडाशेजारी तिचा चटका बसेल, जगाचे हवामान तिने बदलत नाही. भूकंपाने घराची भिंत पडते, उन्हाळा वाढत नाही. तेव्हा दोन्ही दुःखे खरी असली तरी त्यांची कारणे वेगळी आहेत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्यावर ढकलता येणार नाही.

तिसरा आरोपी माणसाने पेटवलेली आग. डहाणूचे केंद्र कोळशावर चालते. कोळशातून निघालेल्या उष्णतेचे तीन वाटे केले तर वीज साधारण एकाच वाट्याची होते. उरलेले दोन वाटे खाडीच्या पाण्यात आणि हवेत जातात. तारापूरचेही तसेच. तेथे कोळसा नाही, धूर नाही, पण अणूच्या उष्णतेचा मोठा वाटा समुद्राच्या पाण्यातच सोडावा लागतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्याचा त्रास त्या जागच्या जलचरांना होतो, आणि तो विषय मच्छीमारांच्या पोटाचा आहे. पण साऱ्या जगातील भट्ट्या, इंजिने, अणुभट्ट्या आणि वातानुकूलन यंत्रे यांनी बाहेर टाकलेली उष्णता पृथ्वीभर पसरली, तर गुंठ्याला चार वॉटही भरत नाही. अर्धा दिवासुद्धा नाही. ज्या शहरात ती एकवटते तेथे रात्री तापतात, पण साऱ्या पृथ्वीचे तापमान एवढ्याने चढत नाही.

मग गुन्हेगार कोण? उत्तर आपल्या घरातील गोधडीत आहे. गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. ती अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. वातावरणातील कार्बन डायऑक्साइड वायू नेमके हेच करतो. सूर्यप्रकाश तो आत येऊ देतो, आणि तापलेल्या जमिनीतून परत निघालेली उष्णता अडवून धरतो. १८५६ साली अमेरिकेतील युनिस फूट या महिलेने काचेच्या नळ्या उन्हात ठेवून दाखवून दिले की हा वायू भरलेली नळी इतर नळ्यांपेक्षा अधिक तापते. तिचा निबंध विज्ञान परिषदेत एका पुरुषाने वाचून दाखवला, आणि पुढे दीडशे वर्षे तिचे नाव विस्मरणात गेले. ज्ञान निर्माण करणारा एक आणि श्रेय दुसऱ्याचे, हा प्रकार आपल्याकडचाच नाही!

औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. १९५८ साली हवाई बेटावर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा तो सुमारे ३१५ होता. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. ही गोधडी आणि तिला जोडलेली मिथेन वगैरे वायूंची ठिगळे, त्यातून धूलिकणांनी दिलेली थोडी सावली वजा केली, तरी २०१९ पर्यंत पृथ्वीवर दर चौरस मीटरला सुमारे २.७ वॉट जादा उष्णतेचा भार चढला होता. म्हणजे प्रत्येक गुंठ्यात ९ वॉटचे ३० दिवे, रात्रंदिवस, समुद्रावर आणि डोंगरावर, कधीही न विझणारे! पोटातल्या आगीचा एक दिवा, भट्ट्यांचा अर्धा, आणि धुराच्या गोधडीचे तीस. २०२४ हे साल औद्योगिक युगापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक गरम ठरले, ते या तीस दिव्यांमुळे.

येथे एक बारकावा समजून घेतला पाहिजे. कोळसा जळतो तेव्हा त्याची आग काही क्षणांत विझते, वायू मात्र मागे उरतो. २०१५ साली शास्त्रज्ञांनी मांडलेल्या हिशोबानुसार, कोळसा जाळताना मिळालेल्या उष्णतेइतकी उष्णता त्यातून निघालेला वायू सुमारे सव्वा महिन्यात अडवून धरतो. आणि तो शतकानुशतके हवेत राहतो, त्या साऱ्या काळाची बेरीज आगीच्या उष्णतेच्या लाखपटीहून अधिक होते. डहाणूचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला १ कोटी २० लाख युनिट वीज होते. युनिटमागे साधारण एक किलो धरले तर दिवसाला १० ते १२ हजार टन कार्बन डायऑक्साइड. ही वीज पेटवते कोणाचे दिवे? हे केंद्र बीएसईएसने उभारले, पुढे ते रिलायन्सकडे आणि २०१८ साली अदानीकडे गेले. मालक बदलले, विजेची वाट बदलली नाही. ती मुंबईच्या उपनगरांना जाते. डहाणूच्या खेड्यांना वीज देणारी महावितरण कंपनी वेगळीच. म्हणजे गारवा उपनगरातल्या वातानुकूलित खोलीत, राख आणि धुराडे डहाणूत, आणि गोधडी साऱ्या जगाच्या अंगावर!

त्याच धुराड्यातून आणखी एक वायू निघतो, तो गंधकाचा. त्याचे काम उलटे. त्याचे बारीक कण सूर्यप्रकाश परतवतात आणि हवा किंचित थंड ठेवतात. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनातुबो ज्वालामुखी फुटला, त्याने आकाशात फेकलेल्या गंधकामुळे सारी पृथ्वी वर्ष-दोन वर्षे सुमारे अर्ध्या अंशाने थंडावली होती. योगायोग असा की त्याच महिन्यात, २० जून १९९१ रोजी, केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. पुढे बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी निकाल दिला, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाने १९९९ साली धुरातील गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. ती प्रत्यक्ष चालू झाली २००७ साली. आठ वर्षे! देशभर मात्र जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने बहुसंख्य कोळसा केंद्रांना हीच यंत्रणा बसवण्यातून सूट दिली.

अशा सवलतींच्या समर्थनार्थ 'गंधक हवा थंड ठेवते' असा युक्तिवादही ऐकू येतो. तो धूर्त आहे. ज्वालामुखीने गंधक फार उंच फेकले म्हणून ते टिकले. धुराड्याचे गंधक काही दिवसांत खाली येते, आणि येते ते माणसाच्या फुप्फुसात. वायूची गोधडी मात्र तशीच राहते. एकीकडे गोधडी वाढवायची आणि दुसरीकडे गरिबाच्या छातीत गंधक भरून तिचा उकाडा झाकायचा, याला उपाय म्हणत नाहीत. आणि हेही लक्षात ठेवावे की गंधक काढणारी यंत्रणा कार्बन डायऑक्साइडला हात लावीत नाही. धुराडे स्वच्छ दिसले म्हणजे हिशोब चुकता झाला, असे नव्हे.

आता चौथ्या आरोपीकडे येऊ. त्याला पिंजऱ्यात उभे करण्याची सर्वांनाच घाई असते. आदिवासी स्त्रीची चूल, शेतकऱ्याचे भातखाचर, जंगलातून आणलेली मोळी! चुलीतील लाकूड जळते तेव्हा जो वायू निघतो तो त्या झाडाने काही वर्षांपूर्वी हवेतूनच घेतलेला असतो. झाड पुन्हा वाढले तर हिशोब मिटतो. कोळशाचा वायू कोट्यवधी वर्षे जमिनीखाली गाडलेला होता, त्याची परतफेड कोणते झाड करणार? चुलीची काजळी हवा तापवते हे खरे, भातखाचरातून मिथेन निघतो हेही खरे. पण काजळी काही दिवसांत खाली बसते, मिथेन दहा-बारा वर्षांत विरतो. चुलीच्या धुराने पहिला बळी जातो तो चुलीसमोर बसलेल्या बाईच्या डोळ्यांचा आणि छातीचा. म्हणून तिला स्वच्छ इंधन मिळालेच पाहिजे, आणि परवडेल अशा भावात. पण ते तिचा हक्क म्हणून. गुन्हेगाराला दिलेली सुधारण्याची संधी म्हणून नव्हे! औद्योगिक युगापासून आजवर हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे, साऱ्या भारताचा तीन-चार टक्के. दिल्लीचे राज्यकर्ते जागतिक परिषदांत हा आकडा छाती ठोकून सांगतात, आणि तो योग्यच आहे. पण त्या तीन-चार टक्क्यांत कैनाडच्या मजुराचा वाटा किती आणि मलबार हिलच्या बंगल्याचा किती, हा आकडा ते सांगत नाहीत. गरिबाच्या रिकाम्या हातामागे श्रीमंताचे भरलेले हात लपवायचे, हीच ती युक्ती.

पाचवा उगम कोणत्याही अहवालाच्या मुखपृष्ठावर नसतो. तो म्हणजे राबणारे शरीर. माणूस स्वस्थ बसला तरी त्याच्या अंगातून सुमारे १०० वॉट उष्णता निघते, आणि खणताना, ओझे वाहताना ती कितीतरी पटीने वाढते. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घाम. समुद्राकाठच्या दमट हवेत घाम सुकत नाही, उष्णता आतच कोंडते. पालघर जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. वरून ऊन, समोरून भट्टी, आतून शरीराची आग, आणि रात्री झोपायला पत्र्याखाली किंवा प्लास्टिकखाली! जगाच्या सरासरीत दीड अंश वाढला, तर भट्टीवरच्या बाईसाठी तो दीड अंश जगण्या-मरण्यातला फरक असू शकतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ साली अंदाज दिला होता की २०३० पर्यंत भारत उष्म्यामुळे ५.८ टक्के कामाचे तास गमावेल, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ रोजगारांइतके. हे तास कोणाचे? कार्यालयात बसणाऱ्यांचे नव्हेत. शेतात आणि बांधकामावर राबणाऱ्यांचे. त्यात आपल्या जाती-जमातींचे लोक किती, हे आम्ही सांगायची गरज नाही.

त्यात झाडे जात आहेत. झाड सावली देते आणि पानांतून पाणी सोडून हवाही गार करते. हे नुकसान जगाच्या सरासरीत दिसत नाही, पाड्यावर मात्र लगेच जाणवते. बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे, पालघर पट्ट्यातील सुमारे २२ हजार तिवरे तोडण्यास डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाची परवानगी मिळाली. वाढवण बंदर याच प्राधिकरणाने १९९८ साली नाकारले होते. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने त्याला सशर्त ना-हरकत दिली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजनही झाले.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही विकासाच्या विरोधात आहात. मुळीच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते, आणि कामगार खात्याबरोबर वीज व पाणी हे विषयही त्यांच्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीसमोर बोलताना त्यांनी मांडले की देशाला मुबलक आणि स्वस्त वीज हवी, कारण तिच्याविना औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाविना दारिद्र्यातून सुटका नाही. त्यांच्यासाठी वीज हे साधन होते, दारिद्र्यमुक्ती हे साध्य. आमचा झगडा विजेशी नाही. वीज एकाला आणि धग दुसऱ्याला, या वाटणीशी आहे. कोळशाऐवजी सूर्याची आणि वाऱ्याची वीज आली तरी ही वाटणी आपोआप बदलणार नाही. तेथेही जमीन कोणाची जाते आणि दिवा कोणाचा पेटतो, हे विचारावेच लागेल.

कायदा आपल्या बाजूला आहे. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच वेल्लोर प्रकरणात मान्य केले. २०२४ साली रणजितसिंह प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणे हा राज्यघटनेच्या १४ आणि २१ व्या कलमांतून येणारा हक्क आहे. समतेचे कलम आणि जगण्याचे कलम! हा निकाल कैनाडच्या पाड्यावर पोहोचवायचा कोणी?

आमच्या मागण्या साध्या आहेत. उष्णतेच्या लाटेत भर दुपारी काम बंद ठेवावे आणि त्या तासांची मजुरी कापू नये. रोजगार हमीच्या कामावर आणि वीटभट्टीवर सावली व पिण्याचे पाणी नसेल तर मालक आणि अधिकारी यांना जबाबदार धरावे. उष्माघाताने मेलेल्या मजुराच्या नावापुढे 'हृदयविकार' एवढेच लिहून फाईल बंद होऊ नये. घरकुलावर नुसता पत्रा टाकून हिशोब पूर्ण करू नये. ज्या तालुक्यात धुराडे आहे त्या तालुक्याला विजेच्या उत्पन्नातून ठरलेला वाटा मिळावा, आणि तो ग्रामसभेच्या हाती यावा.

शेवटी आपल्या चळवळीलाही दोन शब्द. पर्यावरण हा विषय आपण फार काळ बंगल्यात राहणाऱ्या हौशी मंडळींवर सोपवून दिला. वाघ त्यांचे, झाडे त्यांची, आणि ऊन तेवढे आपले! हे बदलले पाहिजे. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्चचा, भीमजयंती १४ एप्रिलची, दोन्ही भर उन्हाळ्यात येतात. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला सरकारी सोहळ्यात भर उन्हात बसवलेल्या १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला, ते विसरता कामा नये. तेव्हा मिरवणुका ऊन कलल्यावर काढाव्यात, मंडपात पाण्याची आणि औषधाची सोय करावी, आणि वर्गणीतील काही रक्कम तालुक्यातील उष्माघाताच्या नोंदी जमवण्यासाठी ठेवावी. महाडला आपण पाण्यावरचा हक्क सांगितला. तळे सर्वांचे होते आणि काहींनी ते आपले करून ठेवले होते. हवेचेही आज तेच झाले आहे. तेव्हा नोंदवही घेऊन कार्यकर्त्यांनी पाड्यावर, भट्टीवर, नाक्यावर गेले पाहिजे. कारण दाखवून दिल्याशिवाय जबाबदार हलत नाही.